अंगठा, लिंक आणि चिपचा शेअर

सकाळी ७.३०

शटर मी आठला वर करतो, पण धानाचे चुकारे जमा होण्याचे दिवस असले की ओट्यावर साडेसातपासूनच माणसे बसलेली असतात. जानेवारीतला सोमवार. चपराळ्याच्या जंगलाकडून गार वारा सुटलेला, डोक्याला दुपट्टे गुंडाळलेले. सुंदरनगर, विवेकानंदपूर, गोमणी, लगाम अशा गावांतून लोक गडचिरोली जिल्ह्यातल्या मुलचेऱ्यात येतात. कुणी बंगालीत बोलते, कुणी माडियात, कुणाच्या मराठीत तेलुगू मिसळलेली. माझ्या खिडकीशी आल्यावर मात्र सगळ्यांचा प्रश्न एकच: "पैसे आले का जी?"

पाटीवर 'आपले सरकार सेवा केंद्र' आहे, त्याखाली 'बँक मित्र'. लोक सेतूच म्हणतात. दाखले, पीक विमा, वीजबिल, आधारवरून पैसे काढणे, पॅन कार्ड, आणि अलीकडे डिमॅट खाते. हे शेवटचे काम सुरजागडच्या लोहखाणीने आणले. तिथल्या कामगारांना लॉयड्स मेटल्सने कंपनीचे शेअर नाममात्र किमतीत दिले, ती गोष्ट गावोगाव पोचली, आणि ज्यांचा खाणीशी काही संबंध नाही त्यांनाही शेअर बाजार आपल्या दारात आल्यासारखा वाटू लागला.

सकाळी ८.१५

२०२५-२६ च्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये होता. आदिवासी विकास महामंडळाच्या केंद्रावर मोजून दिलेल्या धानाचे पैसे खात्यात येतात. खात्यातून हातात यायला अंगठा लागतो. रोवणी, कापणी, मळणी करून बोटे झिजलेली, त्यात थंडीच्या भेगा. यंत्र काही केल्या ठसा घेत नाही. ओल्या फडक्याने पुसायचे, दुसरे बोट लावायचे, मग तिसरे. एका मावशीची अनामिका चालली. तिने ती पदराने पुन्हा पुसून ठेवली, पुढच्या वेळी कामी यावी म्हणून जणू.

या यंत्रातली चिप बोटाचा ठसा आतल्या आतच सांकेतिक करते आणि मगच बाहेर पाठवते. म्हणजे माझ्या संगणकालाही खरा ठसा दिसत नाही. नखाएवढ्या त्या तुकड्यापाशी अख्ख्या हंगामाचे पैसे थांबलेले असतात. चिप म्हणजे मोठ्या शहरातल्या लोकांचा विषय, असे आमच्याकडे आता कुणी म्हणू नये.

सकाळी ९.४०

गर्दीतून एक पोरगा पुढे आला. खाणीच्या वाहतुकीत ठेकेदाराकडे कामाला आहे. त्याचे डिमॅट खाते मीच काढून दिलेले. मोबाइल पुढे करून म्हणाला, "दादा, शेअर घेतो म्हन्तो, पन लागतच नाई."

"कोणता?"

"चिपचा. ग्रुपवर आला हाये. दीड वर्षात वीस रुपयाचा दहा हजाराच्या वर गेला म्हन्ते."

बापाच्या धानाचे चुकारे आणि स्वतःची मागे टाकलेली मजुरी मिळून साठ हजारांच्या आसपास रक्कम घेऊन तो आला होता. म्हणजे पाच-सहा शेअर. कंपनीचे नाव पाहिले: आरआरपी सेमिकंडक्टर. त्याला सांगितले, तीन वाजता ये, तेव्हा लिंकही बरी असते आणि लोकही कमी असतात. 'घे' किंवा 'घेऊ नको' हे मी सांगत नाही. सेबीकडे नोंदणी नसताना पैसे घेऊन असा सल्ला देणे कायद्याने चालत नाही. पण कागद वाचून दाखवायला कुणाची बंदी नाही, आणि या तालुक्यात माझा निम्मा धंदा त्याच्यावरच आहे.

सकाळी ११.१०

लाइन गेली. इन्व्हर्टरवर एक संगणक आणि राउटर चालतो, प्रिंटर चालत नाही. उत्पन्नाच्या दाखल्यांची रांग तशीच उभी राहिली. लोक निवांत बाहेर उन्हात जाऊन बसले. त्यांना याची सवय आहे.

चिपच्या कारखान्याला ही सवय परवडत नाही. २०१९ च्या जूनमध्ये जपानमधल्या योक्काइची इथे १३ मिनिटे वीज गेली. तिथे तोशिबाची तेव्हाची मेमरी कंपनी आणि वेस्टर्न डिजिटल मिळून मेमरी चिप बनवत असत. यंत्रांतला माल खराब झाला आणि कारखाना पूर्ववत व्हायला कित्येक आठवडे लागले. सिलिकॉनची चकती शेकडो टप्प्यांतून जाते, त्यात दोन-तीन महिने जातात, आणि मधल्या एका टप्प्यावर गडबड झाली तर मागची सगळी मेहनत पाण्यात. म्हणून असा कारखाना काढणारा जमिनीच्या आधी विचारतो ते विजेबद्दल, मग अतिशुद्ध पाण्याबद्दल. गडचिरोलीत लोखंड आहे, जंगल आहे, नद्या आहेत, म्हणून इथे चिपचाही कारखाना येईल असे भाषणात ऐकले तर टाळी जरा राखून वाजवावी.

आमची लाइन पाऊण तासाने आली.

दुपारी १२.३०

बचत गटाच्या चौघी कर्जाचे कागद घेऊन आल्या. मत्स्यबीज आणि जाळी घ्यायची आहेत. इकडच्या बंगाली गावांत तळ्याशिवाय घर क्वचितच. बँकेने विचारलेली माहिती भरून दिली: किती पैसे हवेत, कशासाठी, गटाचे स्वतःचे किती, मासळी केव्हा विकली जाईल, हप्ता केव्हापासून. अध्यक्षबाईंना एकेक आकडा तोंडपाठ होता. मासळी विकायच्या आधीच हप्ता सुरू झाला तर तो कशातून भरायचा, हेही त्यांनी ठरवून ठेवले होते: दोघींच्या शिलाईतून. कोट्यवधींच्या उद्योगाला विचारायचे प्रश्न याहून वेगळे नसतात, फक्त उत्तरांतले शून्य वाढतात.

जेवण दुकानातच. भात, वरण, सुकटाची चटणी.

दुपारी ३.०५

पोरगा वेळेवर आला. सोबत मित्रालाही आणले होते. त्याचा पहिला प्रश्न चांगला होता: "येवढुश्या चिपला येवढे हजार कोटी कायले लागतात जी?"

त्याला आधी दोन धंदे वेगळे करून सांगितले. एक, चिप घडवणारा कारखाना, ज्याला फॅब म्हणतात. दुसरा, घडलेल्या चकतीचे तुकडे करून, त्यांना पाय जोडून, काळ्या आवरणात बसवून, तपासून देणारा. त्याला ओसॅट म्हणतात. दुसऱ्याला पैसा कमी लागतो, पण कमी म्हणजेही हजारो कोटी. पहिल्याला किती लागतो ते पाहायचे तर टाटांनी तैवानच्या पीएसएमसीसोबत गुजरातमधल्या धोलेऱ्यात काढलेल्या फॅबचा आकडा ९१,००० कोटी रुपये आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याला २९ फेब्रुवारी २०२४ ला मंजुरी दिली. महिन्याला ५०,००० चकत्या बनवायची त्याची क्षमता ठरली आहे. हे पैसे मुख्यतः यंत्रांत जातात. जगातल्या सर्वात प्रगत छपाईयंत्राची, म्हणजे नेदरलँड्सच्या एएसएमएल कंपनीच्या एका यंत्राची किंमत हजार कोटींच्या वर जाते. धोलेऱ्याला तेवढे प्रगत यंत्र लागत नाही, पण जी लागतात तीही स्वस्त नाहीत.

आणि यंत्रे लवकर जुनी होतात. तैवानची टीएसएमसी आपली यंत्रे साधारण पाच वर्षांत हिशेबातून उतरवते. मग यंत्र रिकामे बसले तर? त्याचा खर्च चढतच राहतो. म्हणून फॅब रात्रंदिवस चालवावे लागते, आणि रात्रंदिवस चालवायला गिऱ्हाइके आधीपासून ठरलेली लागतात. कारखाना उभारायला काही वर्षे, निघणारा माल नीट निघायला आणखी काही महिने, आणि त्यानंतर कुठे नफ्याची गोष्ट. बचत गटाच्या बाईंना दोघींची शिलाई होती. इथे ती जागा सरकार भरते.

यात नवल काही नाही. १९८७ मध्ये मॉरिस चँग यांनी टीएसएमसी काढली तेव्हा निम्म्याच्या जवळपास भांडवल तैवान सरकारच्या निधीचे होते, आणि पाव हिश्शाहून थोडे जास्त फिलिप्स कंपनीचे. आपल्याकडे केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये ७६,००० कोटींची योजना मंजूर केली. आता प्रकल्पाच्या खर्चाचा निम्मा वाटा केंद्र उचलते आणि राज्य आपल्या पदरचे वर घालते. साणंदच्या मायक्रॉनचे उदाहरण सर्वात स्पष्ट आहे. प्रकल्प २७५ कोटी डॉलरचा, आपल्या पैशांत २२,५१६ कोटींचा. त्यात केंद्राचे ५० टक्के, गुजरातचे २० टक्के, आणि अमेरिकन कंपनीचे स्वतःचे ८२.५ कोटी डॉलरपर्यंत, म्हणजे ३० टक्के. शंभरातले सत्तर रुपये तुमचे-माझे.

"मंग नफा कोनाचा?" मित्राने विचारले.

नफा कंपनीचा. सरकारला रोजगार, कर आणि देशात चिप असण्याची निश्चिंती. हा सौदा बरा की वाईट यावर शिकलेली माणसेही भांडतात. माझे मत विचाराल तर, हा खर्च केल्याशिवाय या धंद्यात कुणालाच शिरता आलेले नाही, आणि अर्धवट खर्च करण्यापेक्षा न केलेला बरा. मोहालीला सरकारने सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्स उभारले, १९८४ मध्ये उत्पादन सुरू केले, १९८९ मध्ये तिथे आग लागली, आणि पुन्हा पुरेसा पैसा वेळेवर न आल्याने आपण जगाच्या मागे पडलो ते पडलोच.

आता महाराष्ट्राचे. वेदांता आणि फॉक्सकॉन तळेगावला येणार असे सगळे धरून चालले होते. १३ सप्टेंबर २०२२ ला त्यांनी गुजरातशी १.५४ लाख कोटींचा करार केला आणि इकडे महिनाभर राजकारण पेटले. पुढची गोष्ट कमी लोकांच्या लक्षात आहे: १० जुलै २०२३ ला फॉक्सकॉन त्यातून बाहेर पडली. जो कारखाना पळवला म्हणून आपण भांडलो तो त्या रूपात तिकडेही उभा राहिला नाही. मग ५ सप्टेंबर २०२४ ला राज्याने पनवेलजवळ तळोज्याला इस्रायलच्या टॉवर कंपनीसोबत अदानींच्या ८३,९४७ कोटींच्या फॅबला मान्यता दिली. २०२५ च्या मेमध्ये बातमी आली की मागणीबद्दल खात्री न पटल्याने अदानींनी ती चर्चा थांबवली आहे. मंत्र्यांनी जाहीर केले म्हणजे कारखाना झाला, असे या धंद्यात धरता येत नाही.

मग पैसा खरा कुठे लागलेला दिसतो? मुंबईत मुख्यालय असलेल्या सीजी पॉवरकडे बघ म्हटले. हीच पूर्वीची क्रॉम्प्टन ग्रीव्हज. पंख्यांचा धंदा वेगळ्या कंपनीत गेला आणि ही २०२० पासून मुरुगप्पा समूहाकडे आहे. तिने साणंदला जपानच्या रेनेसास आणि थायलंडच्या स्टार्स मायक्रोइलेक्ट्रॉनिक्ससोबत ७,६०० कोटींचे ओसॅट काढले. तिचा स्वतःचा वाटा ९२.३ टक्के, रेनेसासचा ६.८. गिऱ्हाईक आणि तंत्र देणारी कंपनीच थोडी मालकही आहे, ही त्यातली खुबी. जुलै २०२५ मध्ये मोठ्या संस्थांना शेअर विकून सीजीने ३,००० कोटी उभे केले आणि २८ ऑगस्टला प्रायोगिक उत्पादनाची ओळ सुरू केली. पैसे कुठून आले, कशाला लागले, केव्हा काय सुरू झाले, हे सगळे कागदावर सापडते. सापडते म्हणून तो शेअर घ्यावा असे नाही. शोधायचे काय, ते यावरून कळते.

चार वाजत आले होते. मग त्याच्या कंपनीचे कागद उघडले. बीएसईच्या साइटवर कंपनीचे नाव टाकायचे आणि 'कॉर्पोरेट अनाउन्समेंट्स' पाहायच्या. तिचे जुने नाव जी डी ट्रेडिंग अँड एजन्सीज. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये कंपनीने स्वतःच बाजाराला कळवले आहे की सेमिकंडक्टरचे कसलेही उत्पादन अजून सुरू झालेले नाही, कुठल्या सरकारी योजनेसाठी अर्ज केलेला नाही, आणि एका प्रसिद्ध क्रिकेटपटूचे नाव कंपनीशी जोडले जाते त्यात तथ्य नाही. वार्षिक अहवालात पूर्णवेळ कर्मचारी दोन. डिसेंबरपर्यंतच्या २० महिन्यांत भाव ५५,००० टक्क्यांहून जास्त चढला, सेबी यात लक्ष घालत असल्याच्या बातम्या आल्या, आणि बीएसईने या शेअरचा व्यवहार आठवड्यातून एकदाच होईल असे बंधन घातले. त्याची ऑर्डर का लागत नव्हती त्याचे एक उत्तर हे. नवी मुंबईत महापेला ज्या कारखान्याच्या समारंभाचे फोटो ग्रुपवर फिरत होते ती आरआरपी इलेक्ट्रॉनिक्स, म्हणजे वेगळी कंपनी. बाजारात नोंदलेली ही नव्हे. कंपनीने बाजाराला लेखी खुलासा दिला, हे तिच्या बाजूने नोंदवायलाच हवे. खुलासा वाचला नाही तो ग्रुपवरच्या लोकांनी, किंवा वाचून पुढे पाठवला नाही.

"काहीच बनवत नाई, मंग भाव कायले वाढला?"

बहुतेक सगळे शेअर मोजक्या हातांत आहेत. विकायला कुणी येत नाही, घ्यायला रांग, म्हणून भाव दर वेळी वरच्या मर्यादेला टेकतो. ग्रुपवर वाढलेला भाव दिसतो, पण त्या भावाने किती शेअर विकले गेले तो आकडा कुणी टाकत नाही. उद्या उलट झाले, सगळे विकायला आले आणि घेणारा नसला, तर हाच भाव खालच्या मर्यादेला टेकत उतरेल, आणि विकायची संधीही आठवड्यातून एकदा.

तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला. मित्र म्हणाला, "तुले नाई म्हन्लो होतो का बा?" त्याने आधी काही म्हटले असेल असे मला वाटले नाही.

संध्याकाळी ५.१५

विवेकानंदपूरचे एक आजोबा नातीच्या जातीच्या दाखल्यासाठी आले. पूर्व पाकिस्तानातून आलेली ही कुटुंबे साठच्या दशकात सरकारने इथे वसवली; पश्चिम बंगालात ज्या जातीला अनुसूचित म्हणून मान्यता आहे तिला महाराष्ट्रात नाही, म्हणून पुढची पिढी अडते. माझ्या पोर्टलवर त्यांच्यासाठी रकानाच नाही. त्यांना तहसीलला पाठवण्यापलीकडे माझ्या हातात काही नव्हते, आणि तहसीलच्याही हातात फारसे नसते, हे त्यांना माझ्याहून जास्त माहीत आहे. पुढे दोन वीजबिले, एक ई-केवायसी, लाडकी बहीणच्या पैशांची चौकशी. नेहमीचेच.

संध्याकाळी ७.००

रोख मोजली, वही जुळवली. आधारवरून काढलेल्या रकमेवर बँक मित्राला मिळणारे कमिशन फार नाही. दिवस निभतो तो झेरॉक्स आणि फॉर्मवर. शेअर न घेतल्याबद्दल कमिशन मिळत नाही, घेतल्यावर ब्रोकरकडून मिळते. या व्यवसायातली ही खोड सांगून टाकलेली बरी.

पोराचा फोन आला. बापाचे सोसायटीचे पीककर्ज आधी भरणार म्हणाला. मुदतीत भरले तर तीन लाखांपर्यंत व्याज लागत नाही, हे दुपारी बोलता बोलता निघाले होते. उरतील त्याचे पुढे पाहू.

तुमच्याही मोबाइलवर चिपचा, बॅटरीचा किंवा ड्रोनचा असा शेअर येईल. पैसे घालायच्या आधी बीएसई किंवा एनएसईच्या साइटवर जाऊन त्या कंपनीने बाजाराला दिलेली गेल्या वर्षभराची पत्रे वाचा. कारखान्यात पैसा कुणी किती घातला, माल निघू लागला का, गिऱ्हाईक कोण, व्यवहारावर बंधन आहे का, एवढे शोधा. सल्ला देणाऱ्याचे नाव सेबीच्या नोंदणीकृत सल्लागारांच्या यादीत आहे का, ते सेबीच्या साइटवर दिसते. यातले काहीही वाचायला एक रुपया लागत नाही. इंग्रजी अडली तर जवळच्या सेतूवर जा आणि वाचून मागा. झेरॉक्सचे तेवढे पैसे द्या.